महाकालवनातला एक वड

उज्जैनच्या उत्तर टोकाला, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. तिथला माणूस त्याला भेरूगढ म्हणतो. मराठी यात्रेकरू इथे येतो तो बहुधा काळभैरवासाठी. देवाला मद्याचा नैवेद्य दाखवायचा, पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी इथे आपली पगडी वाहिली ही सांगोवांगी चालत आलेली हकिकत ऐकायची, आणि रिक्षावाल्याने फारच आग्रह केला तर पुढे सिद्धवटावर जायचे. सिद्धवट म्हणजे नदीच्या घाटावरचा एक वड. तो पार्वतीने लावला अशी श्रद्धा आहे. लोक इथे पितरांना पिंड देतात, वडाच्या मुळाशी दूध ओततात. मुघल अमलात कुणीतरी हा वड तोडून बुंध्यावर लोखंडी तवे ठोकले आणि वड ते तवे फोडून पुन्हा वर आला, ही कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्रयागचा अक्षयवट, गयेचा वट, वृंदावनचा वंशीवट आणि नाशिकची पंचवटी यांच्या पंगतीत सिद्धवटाला मान आहे.

कथेचा गाभा खरा मानायला हरकत नाही. वड तोडला तरी फुटतो, ही वडाची जातच आहे. पण घाटावर उभे राहून चहूकडे पाहिले की दुसराच प्रश्न मनात येतो. तवे फोडून वर आलेला हा वड ज्या वनात उभा होता ते वन कुठे गेले?

कारण पुराणात उज्जैनचे एक नाव महाकालवन आहे. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात या क्षेत्राचे वर्णन वन म्हणूनच येते. आजही क्षिप्रेकाठी पूजा सांगणारे गुरुजी संकल्पात देश, काळ आणि स्थळ उच्चारताना महाकालवनाचे नाव घेतात. यजमान हातात पाणी घेऊन ते शब्द ऐकतो. त्याच्या पायाखाली सिमेंटचा घाट असतो, पाठीमागे वाहनतळ असतो, आणि उज्जैन जिल्ह्याच्या ६,०९१ चौरस किलोमीटर भूमीपैकी एक टक्काही वनाच्छादित नसतो. हा आकडा भारतीय वन सर्वेक्षणाचा आहे. त्या सर्वेक्षणात एक हेक्टर जागेवर दहा टक्के सावली असली तरी ते वनाच्छादन धरले जाते, बागा आणि लागवडीसुद्धा मोजल्या जातात. एवढ्या सैल मापानेही जिल्ह्याच्या पदरात एक टक्का पडत नाही. तेही मध्य प्रदेशात. वनाच्छादनाच्या क्षेत्रफळात देशात पहिला क्रमांक असलेल्या, ७७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल असलेल्या राज्यात.

एका झाडाला देव मानणाऱ्या गावात जंगल कसे संपले, याचे उत्तर कुऱ्हाडीत शोधून मिळत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. प्रत्येक वेळी झाड तोडताना काहीतरी रास्त कारण होते: सारा, पीक, रूळ, वीज, यात्रा. आणि जंगल जे काम करत होते, म्हणजे पाणी धरणे, हवा थंड ठेवणे, ढगाला ओलावा परत करणे, ते कुणाच्याच खात्यावर जमा नव्हते. जमेला नसलेली गोष्ट खर्ची पडली तरी वहीत दिसत नाही. भैरवगढच्या परिसरात ही न दिसलेली तूट आता नदीच्या पात्रात दिसते.

कालिदासाच्या 'मेघदूता'तला ढग उज्जयिनीला येण्याआधी रेवेचे, म्हणजे नर्मदेचे पाणी पितो. ते पाणी जांभळांच्या जाळ्यांतून अडखळत येते, त्याला रानहत्तींच्या मदाचा वास असतो. त्याआधी आम्रकूटावरचा वणवा हा ढग विझवतो. पुढे क्षिप्रेवरून येणाऱ्या पहाटवाऱ्यात कमळांचा गंध आणि सारसांचा आवाज मिसळलेला असतो. हे काव्य आहे, वनखात्याचा अहवाल नव्हे, हे मान्य. पण रानहत्ती ही केवळ कविकल्पना नव्हती. अकबराच्या काळात अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त माळवा सुभ्यातल्या ज्या जागी रानहत्ती सापडतात त्यांची नावे दिली आहेत, आणि त्यांत नर्मदेकाठचा हंडिया आहे. आज त्या पट्ट्यात हत्ती नाहीत.

मराठी वाचकाला या इतिहासात परकेपणाने पाहता येणार नाही. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन शिंदेशाहीचे ठाणे होते. महाकालाचे आजचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात उभे केले. इंदूर होळकरांचे, देवास आणि धार पवारांचे. माळव्याचा शेतसारा पुण्याच्या, ग्वाल्हेरच्या आणि इंदूरच्या दप्तरांत मोडीत लिहिला जात होता. जमीन लागवडीखाली आली की सारा वाढतो, हा त्या काळातल्या प्रत्येक राज्याचा साधा हिशेब होता आणि मराठी राज्ये त्याला अपवाद नव्हती.

तरी त्या काळात जंगल एका रेषेत मागे हटत गेले असे नाही. लढाया, लूट आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गावे ओस पडली, तेव्हा रान परत आले. जॉन माल्कमने १८२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात उजाड झालेल्या गावांचे आणि वाघांच्या उपद्रवाचे वर्णन आहे. मग २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनच्या खाली, याच क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला आणि माळव्यात इंग्रजी शांतता आली. शांततेने नांगर आणला. नांगरामागून अफू आली.

एकोणिसाव्या शतकातली माळव्याची अफू हे जगाच्या व्यापारातले मोठे प्रकरण होते. खसखशीच्या बोंडांचा चीक गोळा करून, त्याच्या वड्या बांधून हजारो पेट्या मुंबईच्या बंदरातून चीनला जात. इंग्रज सरकार वाटेत पेटीमागे जकात घेई, संस्थानिक सारा घेत, सावकार व्याज घेई. अफूला सुपीक काळी जमीन आणि विहिरीचे पाणी लागते, म्हणजे नेमकी तीच जमीन जिथे गावाशेजारची दाट झाडी उभी असते. मुंबईतल्या कित्येक दानशूर घराण्यांची संपत्ती या व्यापारातून आली, हे सर्वज्ञात आहे. ती ज्या शिवारांतून आली तिथल्या झाडांबद्दल मात्र कुणी लिहिले नाही.

पुढे रेल्वे आली. रुळाच्या एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत आणि ते दहा-पंधरा वर्षांत कुजत, म्हणजे भूक एकदाची नव्हती, कायमची होती. खांडव्याहून इंदूरकडे येणारी होळकर स्टेट रेल्वे १८७०च्या दशकात नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढली. सरकारी वनखाते १८६४मध्ये स्थापन झाले ते याच लाकडाच्या चिंतेने. १८७८च्या कायद्याने जंगल 'राखीव' झाले खरे, पण ज्यांच्यापासून ते राखले गेले ते लोक त्याच्या काठावर राहणारे होते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हे अचूक पकडले आहे. वनखात्याने गायराने आणि डोंगर गिळले आणि शेतकऱ्याच्या गुराला चारा उरला नाही, हे त्यांनी १८८३मध्ये लिहिले. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येऊन खत होतो आणि पाणी अडवायला ताली-बंधारे हवेत, हेही त्यांनीच सांगितले. जंगल, माती आणि पीक यांचे नाते मराठीत इतक्या स्पष्टपणे मांडणारा लेखक त्यांच्या आधी सापडत नाही.

माळव्याच्या शिवारातला शेवटचा मोठा बदल मात्र अगदी अलीकडचा आहे आणि तो शेतकऱ्याच्या भल्याच्या नावाने आला. इथली जुनी रीत अशी होती की काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवायची. ती चार महिने पाणी पिऊन तट्ट फुगायची, आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू, हरभरा निघायचा. वरून पाण्याची गरज फारशी नसे. १९७०च्या दशकापासून खरिपात सोयाबीन आले. पैसा आला, तेलगिरण्या आल्या, १९८७मध्ये इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आले. पण खरिपातले पीक ओल घेऊन गेल्यावर रब्बीला पाणी कुठले? मग कूपनलिका. आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्याला आड येणारी बांधावरची बाभूळ, खैर, पळस, शिंदी एकेक करून गेली. जंगल संपल्यावर शिवारात जी उरलीसुरली झाडी होती ती अशी कुठल्याही नोंदीशिवाय नाहीशी झाली. तिच्यासाठी कुणी आंदोलन केले नाही, कारण ती कुणाच्या नकाशावर जंगल म्हणून नव्हतीच.

जंगल म्हणजे केवळ लांबचा डोंगर नसतो, हे पाहायचे तर भैरवगढच्या गल्लीत शिरावे. इथे छिपा समाजाच्या घरांतून कापडावर छापकाम आणि बाटिक चालते. उज्जैनच्या बाटिकला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाटिकमध्ये वितळलेले मेण कापडावर चढवतात, मग कापड रंगात बुडवतात. मेणाला गेलेल्या केसासारख्या भेगांतून रंग आत झिरपतो आणि ती जाळीच बाटिकची ओळख ठरते. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवायचे आणि कापड धुवायचे. त्याहून जुने ठशांचे काम पाहिले तर त्याची सारी सामग्री रानातून येत होती. ठसा सागवानी किंवा शिसवी लाकडाचा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे रंग पक्का बसतो. तुरटीच्या ठशावर लाल उमटतो, लोखंडाचा कीस गुळाच्या पाण्यात आंबवून काळा करायचा. लाल रंग येई तो आलीच्या, म्हणजे मराठीत जिला बारतोंडी म्हणतात तिच्या मुळांतून. कापड तांब्याच्या भांड्यात उकळताना धायटीची फुले टाकायची आणि मग वाहत्या नदीत आपटून धुवायचे.

१८६९च्या सुमारास जर्मनीत कृत्रिम अलिझरिन तयार होऊ लागले आणि आलीची शेती बसली. धायटी, हिरडा लांबच्या बाजारातून आणावा लागू लागला. शेवटी नदीही गेली. छापलेले कापड धुवायला संथ वाहते, स्वच्छ पाणी लागते. आणि भैरवगढच्या घाटाशी येणारे क्षिप्रेचे पाणी बहुतेक वर्षभर ना वाहते असते ना स्वच्छ. एका कारागिराच्या हातातला ठसा घेतला तरी त्यात जंगलाचा आणि नदीचा सारा ताळेबंद वाचता येतो.

नदीचे असे का झाले, ते समजायला जमिनीखाली पाहावे लागते. माळव्याचे पठार दख्खनच्या काळ्या कातळाचे, म्हणजे सह्याद्री ज्या दगडाचा आहे त्याच बेसॉल्टचे आहे. या कातळाला स्वतःची पाण्याची तहान कमी. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दगडाच्या फटींत. पठारावरच्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पहिल्या पावसात त्या पाणी पितात, मग माती फुगून मिटते आणि नंतरचा पाऊस वरून वाहून जातो. म्हणून नदीला बारमाही ठेवण्याचे काम सपाटीवरची काळी माती करत नाही. ते काम उगमाकडच्या मुरमाड टेकड्या करतात, आणि टेकडी ते काम करते ती तिच्यावर झाडे असतील तोवरच. पानावर पडलेला थेंब फुटून हलका होतो, पालापाचोळ्यात थबकतो, मुळांच्या वाटेने मुरमात उतरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या ओढ्यात निघतो. झाड गेले की तोच थेंब टेकडीच्या उघड्या अंगावर आदळून मातीसकट पाच-सहा तासांत नदीत पोचतो. जुलैत पूर आणि जानेवारीत कोरडे पात्र, हे एकाच पावसाचे दोन हप्ते आहेत.

क्षिप्रा इंदूरजवळच्या काकरी बरडीच्या टेकड्यांत, उज्जैनी नावाच्या गावापाशी उगम पावते आणि सुमारे १९५ किलोमीटर वाहून चंबळेला मिळते. या टेकड्यांवरची झाडी विरळ झाली आणि खाली इंदूर पसरत गेले. आता नदीत स्वतःचे पाणी कमी आणि कान्ह नदीतून येणारे इंदूरचे सांडपाणी जास्त, अशी तिची अवस्था आहे. ५ जानेवारी २०१९ला शनिश्चरी अमावास्येच्या पर्वणीला हजारो भाविक त्रिवेणी घाटावर आले तेव्हा नदीत बुडी मारण्याइतकेही पाणी नव्हते. लोकांना चिखलाच्या पाण्यात आणि फवाऱ्यांखाली स्नान उरकावे लागले. बोभाटा झाला आणि विभागीय आयुक्त व जिल्हाधिकारी यांची बदली झाली. बदलीने फार तर पुढच्या पर्वणीला टँकर वेळेवर येतील. नदी कोरडी पडली ती त्या दोन अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत पडलेली नाही.

क्षिप्रेत पाणी असावे म्हणून २०१४मध्ये नर्मदा–क्षिप्रा सिंहस्थ जोडप्रकल्प सुरू झाला. ४३२ कोटी रुपये खर्चून ओंकारेश्वर प्रकल्पातले पाणी पंपांनी सुमारे ३५० मीटर उंच चढवून उज्जैनीला, क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्याची ही व्यवस्था. २०१६च्या सिंहस्थात कोट्यवधी लोकांनी क्षिप्रेत स्नान केले ते याच पाण्याच्या आधारावर. 'मेघदूता'तल्या ढगाने रेवेचे पाणी उज्जयिनीला आणले होते, ते काम आता विजेच्या बिलावर चालते. आणि हे पाणी ज्या साखळीतून येते तिच्यात वर इंदिरा सागर धरण आहे. त्याच्या जलाशयाखाली सुमारे ४० हजार हेक्टर जंगल बुडाले, २००४मध्ये हरसूद हे भरले गाव माणसांनी स्वतःच्या हातांनी पाडून रिकामे केले. म्हणजे एका नदीकाठचे जंगल हरवल्याची भरपाई ज्या पाण्याने होते, त्याच्या साठ्याखाली दुसऱ्या नदीकाठचे जंगल गेले आहे. भैरवगढच्या घाटावर बुडी घेणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि सांगितले तर त्याची श्रद्धा कमी होणार नाही. उलट तो विचारील, आमच्या टेकडीवर झाडे लावायला ४३२ कोटी लागले असते का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. 'झाडे तोडली म्हणून पाऊस गेला' हे वाक्य आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की त्याचा तपास कुणी करत नाही. उज्जैनला पाऊस पडतच नाही अशी स्थिती नाही. वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस इथे येतो, तो नगर किंवा सोलापुरापेक्षा बराच अधिक आहे. मॉन्सून मुख्यतः समुद्रावरून येतो आणि एका जिल्ह्यातली झाडे त्याला बोलावत नाहीत की थोपवत नाहीत. तुटीचा पहिला परिणाम पाऊस पडल्यानंतर त्याचे काय होते यावर होतो. दुसरा परिणाम उन्हावर. झाड मुळांनी खोल ओल उचलून पानांतून वाफ सोडते, तेव्हा आजूबाजूची उष्णता त्या वाफेत खर्च होते. काळी उघडी जमीन आणि डांबर ते ऊन दिवसभर पितात आणि रात्री परत देतात. माळव्याची रात्र, 'शबे-मालवा', थंडाव्यासाठी नावाजलेली होती. १९४८मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला राहायला आले ते इथल्या कोरड्या, निरोगी हवेसाठीच. त्या हवेने एक गायक वाचवला, हे मराठी माणूस कृतज्ञतेने सांगतो. ती हवा पठाराची होती तशीच पठारावरच्या झाडांचीही होती.

तिसरा परिणाम मात्र खरोखर पावसापर्यंत पोचतो, पण एका गावाच्या नाही तर एका खोऱ्याच्या मापाने. आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. झाडीची जमीन पिकांखाली गेल्यामुळे गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात मॉन्सूनचा पाऊस दुबळा झाला, असे त्यांना आढळले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट–सप्टेंबरात, जो पाऊस पडतो त्यातला काही भाग समुद्राचा नसतो. जमिनीवर आधी पडलेलेच पाणी झाडांच्या पानांतून वाफ होऊन पुन्हा पडते. झाडांची मुळे खोल, पिकांची उथळ, म्हणून पिकांनी परत केलेली वाफ कमी. आता नकाशा पाहावा: क्षिप्रा चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. उज्जैन गंगेच्याच खोऱ्यात आहे. माळव्यातल्या बांधावरून गेलेली बाभूळ कुठल्या तरी बिहारी शेतकऱ्याच्या सप्टेंबरातल्या एका सरीत कमी पडली असेल, ही कविकल्पना नाही.

जगभरचा हिशेब याच वळणाचा आहे, फक्त आकडे मोठे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मते १९९०पासून २०२०पर्यंत सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल तोडून जमीन दुसऱ्या कामाला लावली गेली. अख्ख्या भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ कोटी हेक्टर आहे. या तोडीतली जवळपास ९० टक्के शेती आणि चराईसाठी झाली. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१९मध्ये सांगितले की माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे २३ टक्के शेती, वनतोड आणि जमिनीच्या इतर वापरातून येतात. अॅमेझॉनात गोमांस आणि सोयाबीन, इंडोनेशियात पामतेल. उज्जैनच्या बाजारात सोयाबीनची बोली लागते तेव्हा तिचा भाव ब्राझीलच्या पिकावरही ठरत असतो. म्हणजे एका सोयाबीनने माळव्यातली बाभूळ घेतली आणि दुसऱ्याने अॅमेझॉनचे रान, आणि दोन्ही शेतकरी भावाला एकमेकांचे शत्रू झाले.

जंगल तोडीचा दोष मोळीविक्या आदिवासीवर टाकण्याची सवय शहरी मराठी माणसात खोल रुजलेली आहे. ती चुकीची आहे, आणि अन्यायाचीही. मोळी वाळक्या फांद्यांची असते. ४० हजार हेक्टर बुडवण्याची ताकद कुठल्याही मोळीत नसते. ज्यांचे रोजचे सरपण, मोहाची फुले, तेंदूची पाने जंगलातून येतात त्यांना ते संपवून काहीच मिळत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू विकला, पैसा मिळवला, आणि जंगल राखले. जिथे जंगल काठावरच्या माणसाच्या वहीत जमा होते तिथे ते टिकते, हे सांगायला आणखी सिद्धांताची गरज नाही.

दुसरी पळवाट वृक्षारोपणाची. २ जुलै २०१७ला मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत ६ कोटींहून अधिक रोपे लावल्याचा विक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षांत कोटींच्या संख्येने झाडे लावण्याच्या मोहिमा घेतल्या, २०१९चे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. दोन्हीकडे पुढे वाद झाला तो एकाच मुद्द्यावर: जगली किती? रोप लावणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. त्याला तीन उन्हाळे पाणी घालणे, गुरांपासून राखणे हे काम लागवडीच्या दिवशी छायाचित्र काढणाऱ्यांचे नसते. शिवाय एका रांगेत लावलेली एकाच जातीची रोपे म्हणजे जंगल नव्हे. साग, सालई, अंजन, धावडा, तेंदू, बेल, करवंद, खाली गवत, त्याखाली कुजका पाला, अशी जी थरांची रचना पाणी धरते ती उभी राहायला दशके लागतात. उभे जंगल तोडून 'भरपाईची लागवड' दुसऱ्या जिल्ह्यात करता येते हा नियमच मुळात चुकीच्या समजुतीवर उभा आहे. क्षिप्रेच्या उगमावरच्या झाडाचे काम मंडल्यातले झाड करू शकत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, १७१५च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. झाडाला लागलेला काळ आणि त्याच्यामागची माणसाची माया ही दोन्ही किंमत म्हणून धरावी, एवढे शहाणपण त्या राजनीतीत होते. आता नाशिक पाहा. २०२५च्या अखेरीस तपोवनातली सुमारे १,८०० झाडे येत्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी काढण्याची तयारी झाली, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. साधूंच्या तपाच्या नावाने ओळखले जाणारे वन साधूंच्या तंबूसाठी कापायचे, यातली विसंगती सामान्य माणसाला ताबडतोब कळली. पंचवटी ज्या शहरात आहे तिथे ती कळणे स्वाभाविक होते.

उज्जैनचा सिंहस्थ २०२८मध्ये आहे. इंदूर–उज्जैन रस्ता सहा पदरी होतो आहे, घाट लांबतात, पूल वाढतात. यात्रेकरूंची सोय झालीच पाहिजे, चेंगराचेंगरीत माणसे मरता कामा नयेत, याबद्दल दुमत नाही. पण कोट्यवधी माणसे ज्या नदीत बुडी घेण्यासाठी येणार तिच्या उगमावरच्या टेकड्यांवर किती रक्कम खर्च होणार, हे कुणी विचारत नाही.

ते विचारता येते आणि त्याचे उत्तरही शेजारीच आहे. देवासला १९९०मध्ये पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून न्यावे लागले होते. तिथेच २००६पासून शेतकऱ्यांनी जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने स्वतःच्या जमिनीचा एक तुकडा सोडून हजारो शेततळी खोदली. जमिनीचा दहावा-विसावा भाग पाण्याला द्यायचा आणि बाकीच्यावर दोन पिके घ्यायची, हा हिशेब शेतकऱ्याला पटला कारण तो त्याच्याच वहीत बसत होता. संयुक्त राष्ट्रांनीही त्याची दखल घेतली. तळ्यांच्या पाळीवर झाडे आली, पाण्यावर पक्षी आले. हीच रीत काकरी बरडीच्या टेकड्यांवर आणि क्षिप्रेच्या ओढ्यांच्या दोन्ही अंगांनी नेता येईल. तिथल्या गावांना मेंढा-लेखासारखा हक्क आणि वीस वर्षांची राखणदारी दिली आणि पंपाच्या विजेवर दरवर्षी जाणाऱ्या पैशाचा एक वाटा त्यांच्या ग्रामसभांना मिळाला तर. उज्जैन पालिकेच्या आणि सिंहस्थ प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकात घाटाच्या फरशीला जसे सदर असते तसे उगमाच्या झाडीलाही असावे, एवढीच ही मागणी आहे.

सिद्धवटाच्या घाटावर सकाळी गर्दी असते. एखादे कुटुंब नगरहून किंवा जळगावहून आलेले, वडिलांचे पिंड देणारे. गुरुजी संकल्प सांगतात, महाकालवनाचे नाव येते, थोरला मुलगा हातातले पाणी ताम्हनात सोडतो. मग दुधाची पिशवी दाताने फाडून वडाच्या मुळाशी ओततो. दूध फरशीवरून घरंगळत नदीकडे जाते. खाली पायरीपाशी पाणी हिरवट, थांबलेले असते, आणि पैलतीरावर सोयाबीन काढून झालेली काळी जमीन क्षितिजापर्यंत उघडी पडलेली असते.